पाचवं पाकीट

दर महिन्याच्या एकोणतीस तारखेला आमच्याकडे न्योकी व्हायच्या. बटाटा उकडून मैद्यात मळलेले ते छोटे गोळे खाताना ताटाखाली नोट ठेवली की पुढचा महिना बरा जातो, असं ब्वेनोस आयरेसमध्ये सगळेच मानतात. बाकीचे लोक एखादी नोट ठेवतात. माझा नवरा होनोरियो त्याच्या छंदांचा महिन्याचा सगळा पैसा ताटाखाली ठेवायचा. ताट डुगडुगायचं, टोमॅटोचा रस टेबलावर सांडायचा, आणि मी तोंड उघडलं की म्हणायचा, "खा गं म्हातारे. पैशाला जरा ऊब मिळतेय."

"ऊब मिळून अंडी घालणार आहे का तो?" मी विचारायची.

ताटं उचलली की तो हात धुऊन, चष्मा पुसून पाकिटं घेऊन बसे. पहिल्यावर लिहिलेलं 'नाणी', दुसऱ्यावर 'सिफॉन', तिसऱ्यावर 'पेंग्विन', चौथ्यावर 'बस'. सिफॉन म्हणजे जाड काचेच्या जुन्या सोड्याच्या बाटल्या, वर धातूची तोटी. पेंग्विन म्हणजे वाइन वाढायचे चिनी मातीचे जग. पक्ष्याची चोच वाकवली की वाइन पडते. बस म्हणजे शहरातल्या बसची जुनी कागदी तिकिटं, पण कुठलीही नाहीत. डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, आकडा तोच यायला हवा. असं तिकीट हाती येणं म्हणजे भाग्य उघडणं, असं इथली पोरंसोरंही सांगतील. होनोरियोकडे असलं भाग्य खोकी भरभरून होतं आणि आम्ही बोएदो वस्तीत दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो.

तो पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचा. माणूस आयुष्यभर आकडे वाचत हिंडला, की निवृत्त झाल्यावरही त्याला आकड्यांवाचून करमत नाही. भाडं, वीज, औषधं आणि वाणसामान वगळून पेन्शनचं जे उरे त्याचे तो दहा भाग करायचा. चार नाण्यांना, तीन सिफॉनना, दोन पेंग्विनना, एक बसला. एका पाकिटातून दुसऱ्यात पैसा जाता कामा नये. गेलाच तर चिठ्ठी लिहायची. एकदा मी 'नाणी' पाकिटात हात घातला तर आत चिठ्ठी: 'सिफॉनकडून उसने घेतले, पुढल्या महिन्यात परत.' खाली सही. मी हसून हसून खुर्चीवर बसले.

"सिफॉन काय तुझ्यावर फिर्याद करणार आहे?"

"शिस्त गं. शिस्त नसली की छंदाचं व्यसन होतं."

शिस्त होती, पण आमच्या देशातल्या पैशाला नव्हती. पाकिटात ठेवलेला पेसो उन्हातल्या बर्फासारखा. पहिल्या तारखेला जेवढ्यात अख्खा पेंग्विन यायचा, तेवढ्यात वीस तारखेला नुसती चोच आली असती. म्हणून होनोरियो घाई करायचा. येत्या रविवारीच पाकिटं रिकामी व्हायला हवीत. मी म्हणायची, तुला खर्च करायला निमित्त हवं. तो म्हणायचा, खर्च नाही, हे साठवणं आहे. आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं मला आजही म्हणवत नाही. आमची सगळी बचत बँकेत होती तेव्हा एका सकाळी सरकारने बँकांना कुलूप ठोकलं. कुलूप निघालं तेव्हा आतल्या पैशाचा चोथा झाला होता. आमची मुलगी सिल्विना त्याच वर्षी नोकरी गेली म्हणून स्पेनला गेली, विगो नावाच्या बंदरगावात, मासळीच्या कारखान्यात. विमानतळावरून परत येताना होनोरियो बसमध्ये म्हणाला, "देलिया, सिफॉन गोठवता येत नाही. नाण्याला कुलूप लावलं तरी नाणं नाणंच राहतं. आणि मी चार छंद करतो. एक बुडाला तर तीन तरतील. तुला पोरीकडे जायचं असेल तेव्हा यातूनच जायचं."

मी त्या शब्दावर वीस वर्षं काढली.

आता पाचव्या पाकिटाचं सांगते. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

काबाशितोच्या बागेत एक जुनं ओम्बूचं झाड आहे. दर रविवारी सकाळी त्याच्याखाली पाच जण जमायचे. होनोरियो, कापड दुकानदार सालोमोन, माजी कंडक्टर एवारिस्तो, दाढी करणारा रुफिनो आणि शिंपी बाल्तासार. पाचही जण तेच गोळा करायचे, एकमेकांना विकायचे, एकमेकांकडून घ्यायचे आणि घरी बायकोला सांगायचे की आज काय सौदा झाला म्हणून सांगू! तरुणपणी त्यांनी एक नियम केला होता. आपल्यातला जो मरेल त्याच्या बायकोला बाजारात दारोदार फिरायला लावायचं नाही. एका रविवारी तिने सगळा माल ओम्बूखाली आणायचा आणि उरलेल्यांनी तो सगळाच्या सगळा, समान वाटून, विकत घ्यायचा. किंमत कोणती? मेलेल्याने स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहून वस्तूला चिकटवली असेल ती. त्यात एक पेसो कमी नाही, एक जास्त नाही. मेलेल्या माणसाशी घासाघीस करायची नाही, असं सालोमोन म्हणायचा. त्याला ते विधवेचा रविवार म्हणत. पाचवं पाकीट त्या रविवारसाठी; दहा भाग करायच्या आधीच थोडं काढून त्यात पडायचं. त्यातले पैसे तेवढे होनोरियो डॉलर करून ठेवायचा, कारण मरण कधी येईल ते ठाऊक नसतं आणि पेसोला तेवढा धीर नसतो.

तुमच्याकडच्या भिशीसारखंच हे. फरक एवढाच की नंबर लागायचा तर मरावं लागतं.

पहिला नंबर सालोमोनचा लागला. त्याच्या चिठ्ठ्या कधीच्या काळच्या. त्या किमतीत त्याच्या बायकोला महिनाभराचा पावही मिळाला नसता. चौघांनी नियमाप्रमाणे पैसे मोजले, टोप्या काढल्या, घरी गेले. संध्याकाळी होनोरियो स्वयंपाकघरात बसून त्या चिठ्ठ्यांची आजची खरी किंमत काढत होता. मग पाचवं पाकीट घेऊन उठला.

"कुठे निघालास?"

"सालोमोनच्या बायकोकडे. सांगतो की तिच्या नवऱ्याने माझ्याकडे काही ठेवायला दिलं होतं."

"आणि बाकीचे तिघे?"

"त्यांना कशाला सांगायचं? एवारिस्तोकडे पैसे नाहीत, रुफिनोकडे नाहीत. आणि बाल्तासारला कळलं तर तो शिलाई मशीन विकेल. तू कुणाकडे बोलायचं नाहीस."

मी नाही बोलले. मला राग आला होता, पण अभिमानही वाटला, हे खरं आहे. एवारिस्तो गेला तेव्हा तिघांनी घेतलं, फरक पुन्हा होनोरियोने भरला. आमच्या पलंगाखाली आता सालोमोनचे पेंग्विन होते, कपाटावर एवारिस्तोचे सिफॉन. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. मी रात्री पाणी प्यायला उठले की पायाला चोच लागायची.

रुफिनोच्या वेळी दोघंच उरले होते. त्याचा संग्रह सगळ्यांत मोठा. पाचवं पाकीट पुरेना. तेव्हा होनोरियोने माझ्या कॉफीच्या डब्याकडे पाहिलं. मी शेजारणींच्या पँटी आखूड करून, पडदे शिवून त्या डब्यात विगोचे पैसे जमवत होते, तेही डॉलर करूनच. निम्मं तिकीट झालं होतं.

"त्याला हात लावशील तर बघ," मी म्हटलं.

"अमांदाकडे भाड्यालाही नाहीत, देलिया. हे बुडणार नाहीत. माझ्या रविवारी तुला सगळं परत मिळेल, वर चार पट. बाल्तासार आहे ना."

अमांदा, रुफिनोची बायको, तेव्हा माझ्याच स्वयंपाकघरात बसून माते, म्हणजे इथला नळीने ओढायचा कडू चहा, पीत होती. नळी तोंडात तशीच होती, ओढत नव्हती. मी डबा उचलून होनोरियोच्या हातात दिला. अमांदा ते पैसे घेऊन मेंदोसाला बहिणीकडे गेली आणि पुढच्याच वर्षी तिथे वारली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात सिल्विनाची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसच्या यंत्राला लावतात. विमानात बसून इकडे येणं आता तिला शक्य नाही. ती फोनवर हसत म्हणाली, "आई, आता तूच ये बाई. मी खुंटीला बांधलेली आहे." हसतच म्हणाली, पण मी तिची आई आहे.

मी फोन ठेवला आणि होनोरियोला म्हटलं, "सिफॉन विक. सगळे. आपण जातोय."

त्याने हातातली पाकिटं खाली ठेवली. "जिवंतपणी विकायचं तर घेणार कोण? बाल्तासार एकटा. त्याच्याकडे रविवारासाठी जे ठेवलंय ते तो आज कसं देईल? नियम आहे."

"मग मी काय तू मरायची वाट बघू?"

मला ते शब्द परत गिळता आले असते तर बरं झालं असतं. पण तो चिडला नाही. म्हणाला, "बाहेर विकून बघतो. दुकानांत जातो." आणि गेलाही. दोन दुकानांतून हात हलवत परत आला. नंतर जाणं टाळू लागला. मी म्हणे, निदान तुझ्या चिठ्ठ्या तरी बदल. पाच वर्षांपूर्वी लिहिल्या आहेस, त्या वर्षी तेवढ्यात विगोचं तिकीट झालं असतं, आज ट्रामचंही होणार नाही. तर म्हणायचा, "ट्राम कधीच बंद झाली, म्हातारे." आणि मग जरा थांबून, "या एकोणतिसाला बसतो." एकोणतीस आली की म्हणायचा पुढच्या. माणसाला दुसऱ्याच्या मरणाचा हिशेब करता येतो, स्वतःच्या मरणाची चिठ्ठी लिहायला हात उचलत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मीच सांगायचं सोडलं.

ऑगस्टमध्ये तो दुकानातून पाव घेऊन येताना जिन्यात बसला आणि उठलाच नाही. पाचव्या पाकिटात बाल्तासारच्या बायकोसाठी, नेलीसाठी, पुन्हा साठवलेलं जे थोडं होतं, ते दफनाला गेलं.

सिल्विनाला यंत्राला लावलेलं असताना बापाची बातमी कळली. ती रडली तर सुई हलते म्हणून नर्सने तिला रडू दिलं नाही. हे तिने मला नंतर सांगितलं. "आई, ये," ती म्हणाली. "आता कुणासाठी थांबलीस?"

मी एका नाणेवाल्याला घरी बोलावलं. सभ्य माणूस होता, हातमोजे घालून आला. होनोरियोचे ट्रे एक एक करून त्याने खिडकीशी नेले आणि परत आणले. "सेन्योरा, हे नीट लावलंय, फार सुंदर लावलंय. पण चांदीचं एकही नाही. हे धातूच्या भावात, किलोवर."

"आणि सिफॉन?"

"प्रत्येक आजीच्या माळ्यावर आहेत."

"पेंग्विन?"

"नवे बनतात आता, रंगीत. हॉटेलवाले तेच घेतात." बसच्या तिकिटांच्या खोक्याचं झाकण त्याने उघडून लगेच लावलं. "हे गोळा करणारी माणसं आता नाहीत, सेन्योरा. आता बसला कार्ड लावतात. पोरांना हा प्रकारच ठाऊक नाही."

तो गेल्यावर मला होनोरियोचा सगळा हिशेब कळला. चार छंद, म्हणजे एक बुडाला तर तीन तरतील. चारही छंदांचं गिऱ्हाईक तेच चार म्हातारे होते. त्यातले तीन मेले, आणि त्यांचाही माल माझ्याच घरात पडला होता. माझ्या नवऱ्याने वीस वर्षं दर महिन्याला दहा भाग करून, चिठ्ठ्या लिहून, एकाचं उसनं दुसऱ्याला फेडून, सगळा पैसा एकाच खड्ड्यात टाकला. मूर्खपणा नव्हता तो. शहाणपणाने टाकला, हेच मला सहन होत नव्हतं.

पण बाल्तासार होता. मी मनाला तेच सांगत राहिले. होनोरियोने तीन बायकांसाठी जे केलं ते बाल्तासार माझ्यासाठी करील. चिठ्ठीवरचे पैसे झाडाखाली देईल, मग संध्याकाळी घरी येईल आणि म्हणेल, वहिनी, होनोरियोने माझ्याकडे काही ठेवायला दिलं होतं. मी तेव्हा काय चेहरा करायचा तेही ठरवून ठेवलं. सिल्विनाला सांगितलं की ऑक्टोबरात येते. तिने माझ्यासाठी खाट आणली. फोनवर दाखवली, खिडकीजवळ ठेवली होती.

सप्टेंबरातल्या एका रविवारी मी टेम्पो ठरवून सगळी खोकी बागेत नेली. ओम्बूखाली बाल्तासार आधीच येऊन बसला होता. स्वतः शिवलेला काळा सूट, त्यात तो आता दोनदा मावला असता. मला बघून काठी टेकत उठला.

"वहिनी, बसा. आज तुम्ही काही उचलायचं नाही."

त्याने माझ्यासाठी बाकावर रुमाल अंथरला. मग एक एक वस्तू हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून चिठ्ठी वाचू लागला. मोठ्याने, चर्चमध्ये वाचतात तसं. "निळा सिफॉन, चारशे. हिरवा, कोरीव, सहाशे पन्नास. पेंग्विन, पिवळी चोच, तीनशे." चारशे पेसोत आज एक साखरपाव येतो. तो वाचत होता, मी ऐकत होते. दोन पोरं चेंडू घेऊन आली, थांबून बघून निघून गेली. वाचता वाचता दुपार कलली. बाल्तासार मध्येच म्हणायचा, "हे मीच त्याला विकलेलं," आणि डोळे पुसायचा.

बेरीज अडतीस हजार झाली. बाल्तासारने आतल्या खिशातून पाकीट काढलं, दोरीने बांधलेलं. नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, माझ्या मांडीवर ठेवल्या. त्यांत त्याची जवळजवळ अर्धी पेन्शन होती, हे मला दिसत होतं.

"सगळं घेतलं, वहिनी," तो ताठ उभा राहून म्हणाला. "एकही वस्तू मागे ठेवली नाही. होनोरियोला दिलेला शब्द पाळला. आता खुशाल पोरीकडे जा."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो मनापासून बोलत होता. त्याला वाटत होतं की या नोटांत समुद्र ओलांडता येतो. किंवा वाटत नसेल, पण नियम पाळला की बाकीचं देव बघतो, असं तो धरून चालला होता.

"संध्याकाळी येणार आहात का घरी?" मी विचारलं.

"घरी? कशाला, वहिनी? नेली वाट बघत असेल. काही राहिलं का?"

मग मला राहवलं नाही. "बाल्तासार, यात विमानतळापर्यंतची टॅक्सी येते! फक्त जायची! तिकीट चौदा लाखांचं आहे. तुम्हाला काय वाटतं, सालोमोनची बायको चिठ्ठीवरच्या पैशात जगली? एवारिस्तोची जगली? दर वेळी होनोरियोने रात्री बसून खरी किंमत काढली आणि फरक आपल्या खिशातून भरला. तुमच्याही वाट्याचा. रुफिनोच्या वेळी माझा डबा गेला, माझ्या पोरीकडे जायचा!"

बाल्तासारचा हात काठीवरून घसरला. तो बाकावर बसला, माझ्यापासून थोडा दूर.

"मला नाही सांगितलं," तो म्हणाला. "मला कुणीच नाही सांगितलं."

"सांगू नको म्हणाला होता."

"मी काय भिकारी होतो, वहिनी? मी मशीन विकलं असतं."

"म्हणूनच सांगितलं नाही."

त्याने दुसरं पाकीट काढलं, रोजचं, आणि उलटं करून माझ्यासमोर झटकलं. त्यातून फार्मसीची चिठ्ठी आणि नेलीचा पासपोर्टाएवढा फोटो पडला. "बघा. एवढंच. मशीन अजून आहे, पण ते तरी आता कोण घेतंय?" मग तो खरंच रडू लागला, खांदे हलवत, त्या मोठ्या झालेल्या कोटात. मी बोलून बसले होते. होनोरियोने जे मरेपर्यंत लपवलं, ते मी त्याच्या शेवटच्या मित्राला सांगितलं आणि त्यातून एक पेसोही वाढला नाही. फक्त एक म्हातारा आयुष्यभर ताठ मानेने चालत होता, तो वाकला.

"तुम्ही हे परत न्या," तो डोळे पुसत म्हणाला. "पैसेही ठेवा आणि मालही न्या. मला घ्यायचा अधिकार नाही."

"नेऊन काय करू? मी पेंग्विनांबरोबर झोपू?"

मी टेम्पोवाल्याला हाक मारली. खोकी बाल्तासारच्या घरी उतरवायला लावली. येताजातानाचं भाडं टेम्पोवाल्याने त्या नोटांतूनच घेतलं आणि उरले ते मी पर्समध्ये घातले. बाल्तासार ड्रायव्हरशेजारी बसला. काच खाली करून म्हणाला, "वहिनी, मला माफ करा." मी मान हलवली. त्याने काय गुन्हा केला होता? नियमाप्रमाणे वागला. होनोरियोही नियमाप्रमाणेच वागला, आणि वर नियमापेक्षा चांगला वागला. मी कुणाला शिव्या देऊ, हे मला बाकावर बसून सुचेना, आणि शिव्या देता आल्या असत्या तर मला जरा हलकं तरी वाटलं असतं.

तिथेच बसून मी सिल्विनाला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती. पडद्यावर तिचं तोंड आलं, सुजलेलं, केस विंचरलेले.

"काय झालं? विकलं गेलं?" ती म्हणाली.

"सगळं गेलं."

"अगं, मग? तारीख सांग ना. मी शेजारच्या मुलीला सांगून ठेवलंय, ती गाडी घेऊन येणार आहे विमानतळावर."

"सिल्विना, मी येत नाही."

"ऑक्टोबरात नाही?"

"नाही गं पोरी. ऑक्टोबरात नाही, नंतरही नाही. पैसे झाले नाहीत आणि आता विकायला काही राहिलं नाही. माझी वाट बघू नकोस."

मला वाटलं आता विचारेल, बाबांनी असं कसं केलं. मी उत्तर तयार ठेवलं होतं, त्याची बाजू घेणारं. पण तिने ते विचारलंच नाही. तिने डोळ्यांवरून हात फिरवला, त्या हातावर पट्टी होती.

"आई, फोन जरा वर धर," ती म्हणाली. "तुझी नुसती हनुवटीच दिसतेय."

मी फोन वर धरला. ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. दोघींनाही माहीत होतं की आता आयुष्यभर एवढंच. मला ते पुरत नव्हतं.